मागितलेला दोनशेवा

“आज तुझा दोनशेवा झालाच म्हण,” मक्याच्या गरम भाकरीवर चीज पसरता पसरता पेत्रोनाबाई म्हणाली. “बंदरवाल्यांचा तो यादेर आज खेळत नाही. बसवलाय त्याला.”

एवेनोर सोमारिबाचा भाकरीसाठी पुढे झालेला हात तिथंच राहिला. “कुणी सांगितलं?”

“माझी भाची त्यांच्या हॉटेलात चादरी बदलते ना! सकाळी पोरगं कॉफीला हातसुद्धा न लावता बसलं होतं म्हणे. हिनं विचारलं, काय रे, दुखतंय का कुठं? तर म्हणतो, मला काही दुखत नाही, आमच्या मॅनेजरला विचारा. बैलासारखं धडधाकट पोर! घे, साय जास्त घातलीय. आणि तोंड असं का केलंस? हस की, मेल्या. लोक काल रात्रीपासून रांगेत उभे आहेत तुझ्यासाठी.”

तो हसला. भाकरी घेऊन निघाला, आणि कोपऱ्यावर, जिथे देवळाच्या पांढऱ्या भिंतीची सावली रस्त्यावर पडते, तिथे उभा राहिला. ऊन चढू लागलं होतं. लेओनमधल्या रविवारी या वेळी असते तशी हवा होती, जड, किंचित राखेचा वास असलेली. त्याला वाटलं, आपल्याला धक्का बसला आहे. पण नीट पाहिलं तर तो धक्का यादेरच्या बातमीचा नव्हता. बातमी ऐकल्याबरोबर छातीत काहीतरी सैल झालं होतं, ओल्या दोरीची गाठ आपोआप सुटावी तसं. त्या सुटण्याचा हा धक्का होता. सुटलो, असं त्याला वाटलं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आज बेसबॉलच्या हंगामाचा शेवटचा रविवार, पुढच्या वर्षी चेंडू हातात नाही, पोरांना शिकवायचं काम असं क्लबच्या मालकाने पाठीवर थाप मारून सांगितलेलं. आणि समोरच्या संघातला ज्याच्यापुढे आपला काही इलाज चालत नाही तो एकच गडी आज बाकावर बसणार. कुणालाही बरं वाटलं असतं. मग त्याला स्वतःच्या बरं वाटण्याकडे बघवेना, असं का? भाकरीतली साय मनगटावरून ओघळली तेव्हा त्याला कळलं की आपण खाल्लंच नाही.

दोनशे या आकड्याबद्दल त्याने स्वतःहून कधी विचार केला नव्हता. पहिली पंधरा वर्षं तो संघाचा चेंडू फेकणारा म्हणून सामने जिंकत होता आणि हरत होता, जसा एखादा माणूस श्वास घेतो आणि सोडतो. मग केव्हातरी वर्तमानपत्रवाल्यांनी मोजायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून हे विजय त्याचे राहिले नाहीत. ते लोकांचे झाले. न्हावी मोजू लागला, पाद्री मोजू लागला, शेजारचा आंधळा गिटारवाला मोजू लागला. एकशे नव्याण्णवावर येऊन सगळं थांबलं त्याला आता तीन महिने झाले होते. खांदा सकाळी वर जात नसे, त्याची बायको आउरा गरम मिठाच्या पुरचुंडीने तो शेकून शेकून जागा करी आणि म्हणे, “उठ रे बाबा, तुझ्या मालकाला एकच हवाय.” घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, तरी खाली बघवत नाही, तसं त्याला या आकड्याचं झालं होतं. हे आपण केलं? ह्याच हाताने? तो कधीकधी उजवा हात टेबलावर ठेवून बघत बसे. बोटं वाकडी झालेली, मधल्या बोटाचं नख कायमचं काळं. हा हात आपल्याला कुणीतरी सांभाळायला दिला होता आणि आता परत मागणार, असं काहीसं त्याला वाटे. भीती नसे वाटत. नवल वाटे.

आणि यादेर. यादेरचं नवल आणखी वेगळं होतं. हंगामाच्या सुरुवातीला बंदरावरच्या मैदानात सामन्याआधी तो सहज सरावाच्या जाळीमागे गेला होता. एक लांब हाताचा पोरगा बॅट फिरवत होता, बाविशीचा असेल. आधी एवेनोरला दिसलं काहीच नाही. फक्त आवाज आला. त्याने आयुष्यभर लाकडावर चेंडू आदळण्याचे आवाज ऐकले होते, पण हा त्यातला नव्हता. जुन्या चर्चचं मोठं दार आतून कुणीतरी लावून घ्यावं तसा, खोल, पुरा झालेला आवाज. त्याने पाहिलं तर पोरगा काहीच जोर करत नव्हता. मनगटं येत आणि जात, बस. एवेनोर पिंपाच्या आडोशाला सरकला, कुणी बघू नये म्हणून, आणि सराव संपेपर्यंत तिथंच राहिला. त्या दिवशी यादेरने त्याला तीनदा फोडला. लोकांना वाटलं, म्हातारा खचला. तो रात्रभर जागा होता हे खरं, पण खचून नव्हे. चेंडू कुठे टाकला असता तर, हाच विचार. आत? खाली? त्याच्या वळणाऱ्या चेंडूला लेओनचे लोक ‘झोळी’ म्हणत, कारण तो फलंदाजाजवळ येऊन टांगलेल्या झोळीसारखा मध्येच खाली जाई. झोळी बाहेरच्या कडेला अगदी गुडघ्याखाली टाकली तर? पहाटे आउराने विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “एक पोरगा पाहिला गं.” तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला हसू आलं. या वयात असं कुणी बोलतं का?

मैदानापाशी पोचेपर्यंत त्याला दुसरी गोष्ट सुचली, आणि तो रस्त्यातच उभा राहिला. यादेरला कासिमिरोने बसवलं. कासिमिरो बंदराचा मॅनेजर होता, पण त्याआधी तो एवेनोरचा कोंपाद्रे होता. एवेनोरच्या लेकीला, इदानियाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर कासिमिरोने हातावर धरलं होतं. तो तिचा धर्मबाप. उसाच्या मळ्यामागच्या मोकळ्या जागेत मोज्यात चिंध्या कोंबून केलेल्या चेंडूने दोघे खेळले होते, एकमेकांना वाटेल त्या शिव्या देत. एवेनोर फेकायचा आणि कासिमिरो उकिडवा बसून झेलायचा. पण त्या बाप्तिस्म्याच्या सकाळी चर्चच्या पायऱ्या उतरताना कासिमिरोने घसा खाकरून म्हटलं, “सांभाळून उतरा, कोंपाद्रे,” आणि दोघांमधला ‘अरे’ गेला तो गेलाच. तसंच असतं. लेकराच्या निमित्ताने नातं देवापुढे बांधलं जातं, मग तोंडात ‘तू’ ठेवून चालत नाही. एवेनोरला सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणताना हसू येई. नंतर हसू गेलं आणि त्याजागी एक आदर आला, जो मित्राबद्दल कधीच वाटला नव्हता. कोंपाद्रेकडे सहसा काही मागायचं नाही. मागितलं तर तो नाही म्हणत नाही. म्हणूच शकत नाही.

आणि आपण मागितलं होतं.

गेल्या पंधरवड्यात कासिमिरोची आई गेली. नवव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर अंगणात जेवणं चालली होती; मक्याच्या पिठातले डुकराच्या मटणाचे गरम नाकातामाल, कॉफी, बायकांचं हळू आवाजातलं बोलणं. कासिमिरो दुःखाने सुकला होता, त्याला जरा हसवावं म्हणून एवेनोर काहीबाही बोलत होता. कासिमिरो म्हणाला, “एकच राहिला ना हो?” आणि तो, मूर्खासारखा, तोंडात घास असताना म्हणाला, “मग तुम्हीच द्या की मला तो एक, कोंपाद्रे.” आजूबाजूचे हसले. कासिमिरो हसला नव्हता. त्याने ताटात पाहिलं होतं आणि होकाराची मान हलवली होती. ती मान हलवणं एवेनोरला आत्ता, या भर उन्हात, पहिल्यांदा दिसलं. मेलेल्या आईच्या नावाने वाढलेल्या जेवणावर, कोंपाद्रे म्हणून हाक मारून, आपण विजय मागितला. आणि त्या माणसाने तो देण्याचं ठरवलं.

सामना सुरू झाला तेव्हा त्याने सगळं विसरून जायचं ठरवलं. असं ठरवून विसरता येत नाही हे त्याला माहीत होतं, पण खेळताना बऱ्याचदा आलं होतं. लोक इतके होते की कुंपणाबाहेरच्या बदामाच्या झाडांवरही पाय लोंबत होते. “आजोबा, आज घेऊनच जा घरी!” कुणी ओरडलं. “काठी विसरलास का रे, एवेनोर?” दुसरं कुणीतरी. बंदराचा पहिला फलंदाज बाद झाला, दुसरा बाद झाला, आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. आजवर गडी बाद झाला की त्याला तो झाल्याचं अंगात कळायचं, ढेकर आल्यासारखं. आज कळेना. झोळी पडत होती, बॅटी हवेत फिरत होत्या, आणि दर वेळी मनात येई, हा झाला की झाला असं केलं? त्याला ठाऊक होतं की त्या पोरांना काही माहीत नाही, ती जीव तोडून मारतायत. कासिमिरोने एकालाच बसवलं आहे, बाकीच्यांना चूक करायला सांगणारा तो माणूस नव्हे. पण शंका एकदा दुधात पडलेल्या माशीसारखी दिसली की सगळं दूधच टाकावं लागतं. पुढच्या डावांत त्याच्या संघाने दोन धावा केल्या, बंदराने एक. लोक गाऊ लागले. त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पाण्याखालून आल्यासारखा येत होता. खांद्यातलं दुखणं मात्र खरं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला त्या दुखण्याचाच आधार वाटू लागला.

“तुझं चाललंय काय?” चौथ्या डावानंतर नोएलने विचारलं. नोएल त्याचा कॅचर, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने फटकळ. “मडक्यासारखा चेहरा करून फेकतोयस. जिंकतोय आपण, माहितीये ना?”

“नोएल, आज यादेर का नाही?”

“नाही तर नाही! देवाने मेजवानी दिली तर तू स्वयंपाकघरात जाऊन भांडी मोजणार का? फेक गुपचूप.”

दर डावाअखेरीस तो पलीकडच्या बाकांकडे बघे. यादेर अगदी टोकाला, गुडघ्यावर हात ठेवून, नांगराला न जुंपलेल्या जनावरासारखा बसला होता. आणि त्याच्यापासून चार हात दूर कासिमिरो उभा, हातांची घडी घालून, नजर गवतावर. एकदाही त्याने एवेनोरकडे पाहिलं नाही. त्याला हे देणं किती महाग पडत असेल! उद्या बंदरावर त्याला कुणी पाणी विचारणार नाही. तरी तो देत होता. एवेनोरला वाटलं, आपण कासिमिरोला ओळखतच नव्हतो. इतकी वर्षं त्याच्याबरोबर बसलो, जेवलो. आणि त्याच्या आत एवढी मोठी, सरळ, मूर्ख निष्ठा उभी होती, आणि आपल्याला ती कधी दिसली नाही. राग होता की काय होतं, त्याला ठरवता येईना.

सातवा डाव. बंदराचे दोन बाद, दुसऱ्या बेसवर एक धावपटू. हा बाद झाला की डाव संपला, आणि लेओनचे ताज्या दमाचे फेकणारे शेवटचे दोन डाव सहज काढतील. पुढचा फलंदाज निघाला तो नववा, ज्याने आज चेंडूला स्पर्शही केला नव्हता. जगातला कुठलाही मॅनेजर या क्षणी त्याच्याऐवजी यादेरला पाठवील. झाडांवरच्या लोकांनाही ते ठाऊक होतं. मैदानावर एकदम कुजबुज पसरली. कासिमिरो हलला नाही. नववा फलंदाज बॅट ओढत येऊन उभा राहिला, आणि एवेनोरला ती दोरीची गाठ पुन्हा सुटताना जाणवली, सकाळसारखीच, गोड. तेवढ्याने त्याचे पाय हलले. तो चेंडू फेकायच्या उंचवट्यावरून उतरला आणि रेषा ओलांडून पलीकडच्या बाकांकडे चालू लागला. पंच ओरडला, “दॉन एवेनोर! अहो, कुठे निघालात?” असं कुणी करत नाही. त्यानेही कधी केलं नव्हतं.

“यादेरला पाठवा,” तो म्हणाला.

कासिमिरोने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. “जा, कोंपाद्रे. लोक बघतायत. फेका आणि संपवा.”

“मी चेष्टा केली होती.”

“आईच्या नवव्याला? कोंपाद्रे म्हणून?” कासिमिरोचा आवाज फार हळू होता. “तुम्ही मागितलंत, मी ऐकलं. आईने ऐकलं. आता मी काय करू?”

“अरे, तू वेडा आहेस का?” एवेनोरच्या तोंडून निघून गेलं, आणि कासिमिरो असा पांढरा पडला की त्याला वाटलं आपण त्याच्या थोबाडीत मारली. मागच्या बाकांवरचे खेळाडू खाली बघू लागले. या ‘तू’ने काही साधणार नव्हतं. या माणसाला शिव्या घालून, मैत्रीची आठवण देऊन, खेळाची शपथ घालून काही उपयोग नव्हता, कारण तो आता खेळाच्या नियमात उभाच नव्हता. तो दुसऱ्या, जास्त जुन्या नियमात उभा होता. तिथे एवेनोरलाच यावं लागणार होतं. त्याने टोपी काढली. ओल्या केसांवरून वारा गेला.

“कोंपाद्रे,” तो म्हणाला, “तुम्ही इदानियाला पाण्यावर धरलंत. तेवढ्यावर मी तुमच्याकडे मागतो. यादेर मला द्या.”

कासिमिरोचे खांदे खाली आले, जणू कुणीतरी डोक्यावरचा हारा उतरवून घेतला. “काय मागताय, कळतंय ना तुम्हाला?”

“नाही,” एवेनोर म्हणाला. ते खरं होतं.

“यादेर!” कासिमिरो न वळताच ओरडला. “ऊठ. आणि याद राख, दया दाखवलीस तर बंदरात पाय ठेवू देणार नाही!”

उंचवट्यावर परत येईपर्यंत सगळं स्वच्छ झालं होतं. आवाज परत आले: शिट्ट्या, ढोल, एका बाईचं “अरे हा म्हातारा पागल झाला!” नोएल मुखवट्याआडून शिव्या देत होता. आणि समोर यादेर येऊन उभा राहिला. जवळून तो अगदीच कोवळा दिसत होता, वरच्या ओठावर घामाचे थेंब. पण त्याने बॅट उचलली आणि तो कोवळेपणा निघून गेला. उरलं ते त्या जाळीमागे पाहिलं होतं ते. एवेनोरला जिंकायचं होतं. देवा, इतकं जिंकायचं त्याला कधीच नव्हतं! पहिली झोळी आत पडली, यादेरची बॅट वरून गेली. दुसऱ्या चेंडूला बॅटची कड लागून तो रेषेबाहेर उडाला. तिसरा एवेनोरने मुद्दाम लांब टाकला, आणि पोरगा हललाही नाही, फक्त डोळ्यांनी त्याला सोडायला गेला. एक स्ट्राइक बाकी; आणखी एकदा चुकला की बाद. तेव्हा एवेनोरने तो चेंडू टाकला जो त्या जागरणाच्या रात्री त्याने मनात शंभरदा टाकला होता: बाहेरच्या कडेला, गुडघ्याखाली, अगदी शेवटी पडणारी झोळी. हातातून सुटतानाच त्याला कळलं. खांदा एकदा फाटल्यासारखा झाला, पण चेंडू आयुष्यात टाकला नव्हता असा गेला. याहून चांगला त्याच्यापाशी नव्हता. कुणापाशीच नव्हता.

मनगटं आली आणि गेली.

दार लागल्याचा तो आवाज झाला. एवेनोर वळला नाही लगेच. वळायची गरज नव्हती. मग वळला, कारण त्याला बघायचं होतं. चेंडू उंच, पांढऱ्या उन्हात, घाई नसल्यासारखा चालला होता, कुंपणावरून, बदामाच्या झाडांवरून, झाडावरची माणसं माना वळवून त्याच्याकडे बघत होती, आणि तो अजून खाली यायला तयार नव्हता. त्याला मारता येण्यासारखा तो चेंडू नव्हता. आणि मारला गेला होता. एवेनोर तोंड उघडं टाकून उभा होता. आपला सर्वांत चांगला चेंडू आणि त्याहून चांगलं काहीतरी, ही दोन्ही त्याने एकाच श्वासात पाहिली होती. यानंतर मागायचं ते काय?

सबंध मैदान गप्प होतं. दुसऱ्या बेसवरचा धावपटू चोरासारखा घरच्या पाटीवर पोचला. आणि यादेर रडत धावत होता. मान खाली, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत. प्रेताच्या मागे चालावं तसा एकेक बेस करत आला. तिसरा बेस ओलांडला. शेवटची पांढरी पाटी आली तेव्हा त्याला ती दिसलीच नाही बहुतेक. त्याचा पाय तिच्या बाजूला मातीत पडला आणि तो तसाच आपल्या बाकांकडे चालू लागला. पंच पुतळ्यासारखा उभा होता. हे त्याने बोलायचं नसतं; फेकणाऱ्या संघाने हरकत घेतली तरच. नोएलने मात्र पाहिलं. त्याने एवेनोरकडे झटकन नजर टाकली आणि एक बोट ओठांवर ठेवलं: गप्प. जाऊ दे त्याला बाकापर्यंत. मग चेंडू माझ्याकडे दे, तो बाद, त्याची धाव पुसली, डाव संपला, बरोबरीत आहोत आपण. पंचाने दिलेला नवा चेंडू एवेनोरच्या मुठीत होता.

“ए गाढवा!” एवेनोर इतक्या मोठ्यांदा ओरडला की झाडावरची माणसंसुद्धा दचकली. “पाटीवर पाय ठेव!”

यादेर थांबला. ओल्या डोळ्यांनी त्याने मागे पाहिलं, खाली मातीत पाहिलं, पाटीशेजारी उमटलेलं स्वतःचं पाऊल पाहिलं.

“बघतोस काय? असा मारून कुणी रडत जातं का? मागे ये. नीट ठेव पाय!”

पोरगा परत आला. त्याने आधी एक पाय ठेवला, मग दुसराही, आणि दोन्ही पायांनी त्या पाटीवर क्षणभर नुसता उभा राहिला. नोएलने मुखवटा जमिनीवर आपटला. एवेनोरने नवा, गुळगुळीत चेंडू दोन्ही तळव्यांत चोळला. तीन-दोन, बंदर पुढे. पण लेओनची फलंदाजी अजून यायची होती, आणि दोघेच बाद झाले होते. पुढचा फलंदाज येताना दिसला तसा तो उंचवट्यावर चढला.